भामाआतेचं चूलबंद आवतण

भामाआते पालीला घाबरायची. भिंतीवर पाल दिसली की ओट्यावर येऊन बसायची आणि कुणीतरी झाडू घेऊन येईपर्यंत घरात पाऊल टाकायची नाही. हे मुद्दाम आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की बाई कशालाच भीत नव्हती. पालीला भीत होती. फौजदाराला, मामलेदाराला, सरपंचाला आणि मुंबईहून जीपमधून येणाऱ्या साहेबाला मात्र नाही.

ती आमच्या शेवरपाड्याची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी असला तर असला, नसला तरी चालतं, धवलारीण पाहिजेच. मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो धवलारणीनं गायला की विधी झाला. भामाआतेनं तळोज्यापासून गव्हाणपर्यंत इतकी लग्नं लावली होती, की पनवेलच्या बाजारात शिरली की तिला सरळ चालता यायचं नाही. कुणीतरी पोर काखेत घेऊन आडवं यायचंच, "आते, तुमी लावलेल्या लगनाचा हा बघा परताप!" आवाज तर असा, की आमच्याकडे हळद असली की गाढी नदीपलीकडे करंजाड्यात कळायचं. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

मी गणू, तिचा शेजारी. मराठी सातवी पास, आणि बैलगाडीचा मालक. लग्नसराईत तिला गावोगाव पोचवायचं काम माझं. गाडीत बसली की ती गुणगुणायची आणि माझा डावा बैल त्या ठेक्यावर पाऊल टाकायचा. उजव्याला गाण्याचं अंग नव्हतं. तो आपला सासऱ्यासारखा तोंड फिरवून चालायचा.

तर गोष्ट चौसष्ट सालच्या वैशाखातली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकी सासरी धाडणाऱ्या भामाआतेच्या स्वतःच्या दारात मांडव पडणार होता. तिला मूलबाळ नव्हतं, नवराही लवकर गेलेला. मालू ही तिच्या बहिणीची लेक. बहीण सत्यवती छातीत गाठ होऊन गेली तेव्हा मालू रांगत होती. तेव्हापासून ती आतेचीच.

मालूचं लग्न आधी एकदा मोडलं होतं. मेढ रोवली, वादळी वारं सुटलं, मेढ आडवी झाली आणि वरपक्षानं अपशकुन म्हणून सुपारी परत पाठवली. पोरीचा काय दोष? पण त्यानंतर बरीच वर्षं कुणी विचारायला येईना. शेवटी गव्हाणच्या तुळशीरामनं आपल्या शिवासाठी मागणी घातली. शिवा मिठागरावर कामाला, पोरगा सोन्यासारखा. बाप मात्र शकुन-अपशकुनाचा भारी पक्का. त्यानं एकच अट घातली. म्हणाला, "धवलारीनबाय, ह्या वक्ताला मेढ हलता कामा नाय. हलली तर वऱ्हाड अर्ध्या वाटेवरून परत."

आतेनं मेढीसाठी कंबरभर खड्डा खणवला. मी खणला. त्यात दगड ठोकले, उंबराची फांदी बांधली, हळदकुंकू लावलं, धवला गायला. मेढ अशी उभी राहिली, की माझा आडमुठा बैल घासून गेला तर बैलच सोलून निघाला असता.

आता आमच्या पाड्यात दोन्ही बाजूंना घरं आणि मधून गाडीरस्ता. अंगण कुणालाच नाही. त्यामुळे ज्याच्या घरी लग्न, त्याचा मांडव रस्त्यावरच. तेवढे दिवस गाड्या शेतांतून बांध उडवत जातात. वैशाखात शेतं कोरडीच असतात, कुणाची तक्रार नसते. हाच रस्ता कळंबोलीच्या पुढे सडकेला फुटतो, आमच्या पाड्यातून जातो, गाढीवरची फरशी, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल, ओलांडतो आणि पनवेलचा बाजार टाळून पुढे पुण्याच्या सडकेला मिळतो. तो रस्ता मुंबईत कुणाच्या नकाशावर असेल, हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

मांडवावर जांभळीचे टहाळे चढवत होतो, तेवढ्यात आमचा सरपंच बळीराम आला. खांद्यावरचा टॉवेल तो पुन्हापुन्हा नीट करायला लागला म्हणजे काहीतरी अडचणीचं बोलायचं असतं, हे गावाला माहीत होतं.

"भामे, मांडव जरा बाजूला घेतला तर?"

"कंच्या बाजूला? गणूच्या घरात घालू?"

"तसा नाय. लगनाच्या दिशी सकाली सरकारची एक लारी जावाची हाय इथून."

"लारीला सडक हाय."

"ही सडकेनं नाय जात. हिच्यात ते अणूचं काय ते हाय. इषारी किरनं. साहेब आलावता, तू उरणला लगनाला गेलीवतीस तवा. तो बोलला, बाजारातून नेली न काय झाला तर मानसं लय हाईत तिथं. आपल्या पाड्यात थोडी." बळीरामनं टॉवेल दुसऱ्या खांद्यावर घेतला. "त्या दिशी दारं लावून आपुन सगल्यांनी शेतावर जावाचं. लारी गेली का परत यावाचं. बदल्यात रस्त्याला मुरूम मिलनार हाय, न फरशी पन नवी."

आतेनं हातातली डहाळी खाली ठेवली.

"म्हंजे बाजारातली ती मानसं, न आमी बांधावरचं गवत?"

"असा कोन बोलला?"

"साहेब बोलला, न तू मान डोलावलीस."

"मुरूम मिलतोय, भामे! पावसात गाड्या रुततात त्या..."

"मुरूम तू खा. भाकरीसंगं खा. मेढ हलनार नाय."

घरात मालू तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या दिवशी जीप आली. बळीरामनं निरोप धाडला असणार. साहेब अगदी तरुण, चष्मेवाला, घाटावरचा. बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. मला वाटलं होतं साहेब म्हणजे ओरडेल. हा तर चपला काढून ओट्यावर बसला. आतेनं गूळपाणी दिलं. त्यानं ते संपवलं, मगच नकाशा उघडला. वाईट माणूस नव्हता, हे मी तेव्हाही म्हणालो होतो.

"मावशी, लॉरीत कोबाल्ट नावाचा धातू आहे. शिशाच्या जाड भांड्यात बंद केलेला. पुण्याच्या पुढे एका इस्पितळात यंत्र बसवलंय, त्यात तो घालायचा. त्याच्या किरणांनी गाठीचा रोग बरा करतात."

 आतेनं दाराआड उभ्या मालूकडे बोट केलं.

"हिची आय त्याच रोगानं गेली. तवा हे अवशद होतं?"

"नाही मावशी. तेव्हा आपल्याकडे नव्हतं."

"मंग जाऊ दे. लवकर जाऊ दे. अवशद अडवनारी मी नव्हं, हे लिवून ठेव. आता सांग, त्या भांड्यातून बाहेर काय येतं?"

"काही येत नाही. शेजारी बसून जेवलात तरी चालेल."

"मंग बाजारातून ने."

"तसं नव्हे. समजा अपघात झाला, लॉरी उलटली, भांडं फुटलं..."

"मंग माज्या दारातून नको."

साहेबानं नकाशा उलटासुलटा करून पाहिला. मी बैलाच्या आडोशाला जाऊन हसून घेतलं.

"मावशी," तो म्हणाला, "माझ्या हातात फारसं नाही. त्या सकाळी घाटात बाकीच्या गाड्या थांबवणार आहेत, ते पोलिसांशी ठरलंय. दिवस बदलत नाही. शेतातून लॉरी नेता येत नाही, शिशाच्या वजनानं रुतेल. आणि नियम एकच आहे. जिथे माणसं जास्त, तिथून न्यायचं नाही."

"कुनीपन मानसं असोत?"

"माणूस म्हणजे माणूस."

"शेठ असो, आगरी असो?"

"काही फरक नाही."

"बस. तू तुज्या शब्दाला धरून ऱ्हा, बाला. मी माज्या मेढीला धरून ऱ्हाते."

जीपची धूळ खाली बसायच्या आत ती मला म्हणाली, "गाडी जुंप. बाजारात जावाचं हाय."

आवतणाचे आमच्याकडे प्रकार असतात. घरटी एक माणूस बोलावतात ते साधं. जोडप्याचं वेगळं. आणि चूलबंद म्हणजे अख्खं घर: म्हातारी, तान्ही, आलागेला पाहुणासुद्धा. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. चूलबंद आवतण सहसा भावकीत देतात, कारण ते नाकारणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणं. भामाआतेनं ते बाजाराला द्यायचं ठरवलं. अख्ख्या बाजाराला!

"आते, एवढ्यांना जेवू काय घालनार?" मी विचारलं.

"आवतान माजं, तांदूल त्यांचं. तू बैलाकडं बघ."

पहिलं दुकान अलीशेठचं, कापडाचं. आतेनं लावलेल्या प्रत्येक लग्नातलं लुगडं त्याच दुकानातून गेलेलं. तिनं उंबऱ्यावर सुपारी ठेवली आणि म्हणाली, "चूलबंद."

अलीशेठनं सुपारीकडे विंचवाकडे बघावं तसं पाहिलं. "आते, मी येतो ना. बेगमलाही आणतो. पण दुकान? ऐन लग्नसराई आहे."

आतल्या पडद्याआडून त्याच्या आईचा, हव्वाबीचा आवाज आला. "अली, ह्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक कोण आलं होतं?"

"अम्मी, मला काय माहीत, मी तेव्हा..."

"तू तेव्हा नागडा फिरत होतास. ही आली होती, नवरी घेऊन. तुझे अब्बा असते तर आत्ता कुलूप शोधायला लागले असते." मग पडदा सरकला. "भामाबाय, माझी मोठी देग पाठवते. भाजीचा पुलाव करू, म्हणजे तुझी माळकरी माणसंही खातील."

पुढे मग काही अवघड गेलं नाही. लारीची गोष्ट बाजारभर आमच्या आधी पोचत होती. मासळीवाल्या वेणूनं तर सुपारी हातात घ्यायच्या आधीच सांगितलं, "आमचा जीव वाचवाला तुमचा जीव देतान का गो? आमी येतो. टोपल्यापन तिथंच आनतो." गिरणीवाले म्हणाले, गिरणी बंद ठेवू आणि मालाच्या ट्रकमध्ये बसून येऊ. हलवाई, सोनार, न्हावी, सगळ्यांनी सुपारी घेतली. काहींना आतेचा लोभ होता. काहींना, खरं सांगतो, तिच्या जिभेची भीती होती.

अडलं ते एका ठिकाणी. पनवेलची गाडीची चाकं तेव्हा घाटावरही नावाजलेली, आणि कमरुद्दीनचाचा त्या कामातला जुना कारागीर. तो म्हणाला, "आते, त्या सकाळी चाकावर धाव चढवायची आहे. घाटावरचा माणूस चाक न्यायला येऊन राहिलाय. लोखंडाचं कडं लाल झालं की ते कुणाच्या लग्नासाठी थांबत नाही. धाव चढली की निघतोच."

"बरं," आते म्हणाली. "एकट्या तुजी भट्टी चालू ऱ्हाऊ दे."

हळदीच्या दिवशी साहेब पुन्हा आला. त्याला वाटलं असेल, मांडव निघाला का बघावं. हातात एक टिकटिक करणारी पेटी होती. पण आमच्याकडे हळदीच्या मांडवात पाय टाकला की तो माणूस घरचा, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बायांनी गराडा घातला आणि कपाळापासून कॉलरपर्यंत त्याला पिवळा करून टाकला.

"अहो, मी सरकारी कामावर आहे!"

"आज कोनी सरकारी नाय रे बाला!" एक म्हातारी म्हणाली आणि राहिलेला हात त्याच्या पाठीवर पुसला.

पेटी टिकटिकतच होती. आतेनं कान लावला. "आतापासून किरनं आली?"

"नाही. अशी थोडी टिकटिक सगळीकडेच असते, दगडामातीतसुद्धा." त्यानं चष्मा पुसला, तो आणखी पिवळा झाला. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. शेतांत गाड्या सुटलेल्या, गावोगावचे पाहुणे, ठिकठिकाणी चुलाणं. "मावशी, ही एवढी माणसं?"

"ही कायच नाय. उद्या बाजार येनार."

"बाजारातलं कोण?"

"बाजार."

समजायला त्याला थोडा वेळ लागला. समजल्यावर हसू त्याच्या तोंडावर आलं आणि गेलं. "मावशी, ही फसवणूक झाली."

"लगनाला मानसं बोलावली, तर फसवनूक? मानसं जास्त तिथून नेवाचं नाय, असं कोन बोलला ओट्यावर बसून? गूल खाऊन बोललास."

"मी पनवेलला जाऊन वरच्या साहेबांना फोन करतो. पण खोटं आश्वासन देणार नाही. त्यांनी ऐकलं नाही, तर लॉरी इथेच येईल आणि पोलिसांना मांडव काढावा लागेल."

"पोलिसांना सांग, आधी जेवा. मंग काढा."

तेव्हा मालू उठली. तोवर ती कुणासमोर मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. हळदीनं माखलेली, हातात काकणं, ती जाऊन मेढीला टेकून उभी राहिली.

"साहेब, मी उद्या हितंच बसनार हाय. लारी आली तर आधी मलाच मोजा."

साहेबानं मान खाली घातली आणि तसाच पिवळा जीपमध्ये जाऊन बसला. 

लग्नाची सकाळ. काय सांगू तुम्हाला! अलीशेठ सहकुटुंब, हव्वाबीची देग गाडीत बांधलेली, वेणू आणि तिच्या टोपल्या, सोनार, न्हावी (आल्या आल्या त्यानं चारपाच जणांची दाढीही करून टाकली), सगळा बाजार मांडवात. मांडव पुरेना, माणसं बांधांवर बसली. बळीराम टॉवेल डोक्याला बांधून पाणी वाढत होता, कुणी विचारलं की सांगायचा, "मीच बोलवला सगल्यांना."

गव्हाणचं वऱ्हाड आलं. तुळशीरामनं नवऱ्याच्या आधी मेढ बघितली. दोन्ही हातांनी धरून हलवली. मेढ हलली नाही. तो पानाची पिंक टाकून म्हणाला, "बरं हाय." पण लारीची बातमी त्यालाही लागली होती. तो मेढीजवळच खाट टाकून बसला. वऱ्हाडाला त्यानं बसू दिलं, पण गाड्यांचे बैल सोडू दिले नाहीत. जू मानेवर ठेवूनच उभे. आतेनं ते पाहिलं.

आणि तेवढ्यात सडकेकडून मोटारीचा आवाज आला. जड गाडीचा. पहिल्या गियरमध्ये कण्हत येणारा. मांडवातला गलका विझला. तुळशीराम खाटेवरून उठला. मालू मेढीला टेकून बसली होती, ती तशीच बसून राहिली. भामाआते तिच्यापुढे रस्त्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं धवला उचलला. तिच्यामागे वेणू उभी राहिली, मग हव्वाबी, मग सगळ्या बायका. बाप्येही उठले. मी बैल सोडून धावलो. धुळीतून आधी टप दिसला, मग चाकं, आणि मग पोत्यांवर बसलेले गिरणीवाले, हात हलवत. सगळा मांडव असा हसला, की तान्ही पोरं दचकून रडायला लागली.

पण खरी लारी कुठे होती, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हसणं ओसरलं आणि पुन्हा सगळे कान सडकेकडे. तुळशीरामचे बैल जुंपलेलेच.

ऊन चढल्यावर कमरुद्दीनचाचाची गाडी आली. दाढीवर राख, सदऱ्याला ठिणग्यांची भोकं. आतेनं त्याला खाली उतरूही दिलं नाही.

"लारी?"

"पानी तर द्या." तो पाणी प्यायला, आणि सांगायला लागला. "भट्टीवर कडं लाल झालं होतं. बाजारात चिटपाखरू नाही, सगळ्या फळ्या लागलेल्या. बघतो तर एक साहेब पायी येतोय, कानामागे हळद. मला बोला, 'चाचा, तुम्ही का गेला नाहीत?' मी बोलो, 'साहेब, धाव तापलीय.' तो बोला, 'किती वेळ?' मी बोलो, 'लोखंडाला विचारा.' मग तो गेला, आणि थोड्या वेळानं परत येऊन माझ्या ओट्यावर बसला. मला बोला, 'वरच्या साहेबांनी मान्य केलं. लॉरी बाजाराच्या बाहेर उभी केलीय. तुमचं होऊ द्या. तुम्ही निघालात की मग आम्ही.'"

"न घाट? घाट तर त्याच्यासाठी अडवून ठेवलावता," मी म्हणालो.

"हवालदार येऊन ओरडला ना त्याच्यावर, उशीर होतो म्हणून. तो बोला, 'इथे अजून एक माणूस आहे.' मी कडं चढवलं, पानी ओतलं, वाफ अशी उठली की साहेबाचा चष्माच आंधळा झाला. मग मी गाडी जुंपली. वळून बघितलं, तर तो लारीच्या पुढे पुढे चालत होता, फळ्या लावलेल्या बाजारातून."

भामाआते जागच्या जागी उभी राहिली. पदरानं तिनं डोळे पुसले की घाम, मला कळलं नाही. "एकासाठी थांबला?" तिनं विचारलं.

"एकासाठी, आते."

तुळशीरामनं वऱ्हाडाच्या गाडीवानांकडे वळून हात केला. "बैल सोडा रे. वैरन टाका." त्यावर आतेचा जो आवाज लागला, तसा मी आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. त्या धवल्यात तिनं दोन ओळी तिथल्या तिथे जोडल्या:

*लारी गेली गो बाजारातून, पिवल्या कानाचा पुढं चाले,*
*माज्या मालूचा मांडव उभा, मेढीला कोन हात लावे?*

लग्न लागलं, मालू सासरी गेली. जाताना शिवानं तिला गाडीत बसवलं आणि तुळशीराम मेढीला हात जोडून गेला.

पहिलं पान आतेनं साहेबासाठी मांडून ठेवलं होतं. चूलबंद म्हणजे आलेगेलेही आलेच की. तो दुसऱ्या दिवशी दुपारी घाटावरून परतताना आला. मांडव अजून उतरवायचा होता, मेढ जागेवर होती. औषध पोचलं म्हणाला. सुक्या बोंबलाचं कालवण त्याला तिखट लागलं, तरी दोनदा मागून घेतलं. आते समोर बसून वारा घालत होती.

"मावशी," तो हात चाटत म्हणाला, "पुढच्या वेळी लॉरी कुठून नेऊ?"

"तुजी आय कुठं ऱ्हाते?"

"साताऱ्याकडे."

"तिच्या दारावरून नेशील का?"

त्यानं विचार केला. खरंच केला, घास हातात धरून. "भांडं मी स्वतः तपासलं असेल, तर नेईन."

"मंग तसंच भांडं तपासून आन, दिवस आधी सांग, न माज्या दारावरून पन ने. मांडव नसंल तवा."

पुढे त्या लाऱ्या आल्या म्हणतात, पण सडकेनंच गेल्या. आमच्याकडे एकही फिरकली नाही. मुरूमही नाही आला. बळीराम म्हातारपणापर्यंत तिला टोचायचा, "भामे, तुज्यापायी रस्ता गेला." पावसात त्याचीच गाडी पहिली रुतायची. आते ओट्यावरून बघत बसायची, आणि मग ओरडून मला सांगायची, "जा रे, सरपंचाला ढकल. मुरूम त्यानं भाकरीसंगं खाल्ला!"